कोरी टाच

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चपलांचा खच. वर पंखे फिरत होते ते नुसती इकडची गरम हवा तिकडे करायला. तरी माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघत होती. मधोमध टेबल, टेबलावर जाड काच, आणि त्या काचेवर तीन आठवड्यांचं एक बाळ चालत होतं.

चालत होतं म्हणजे अगदी चालतच होतं. पाऊलबाबांनी त्याला काखांखाली धरून किंचित पुढे झुकवलं होतं आणि ते लालबुंद, सुरकुतलेलं पिल्लू एक पाय उचलत होतं, टेकवत होतं, मग दुसरा उचलत होतं. एखादा म्हातारा अंगणातलं पाणी चुकवत जावा तसं, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"ज्यानं अजून मान धरली नाही," बाबांनी सूर लावला, "त्याचे पाय वाट धरतात! बघा माई, बघा! हे चालत नाही, हे पूर्वजन्मीचं राहिलेलं चालणं पुरं करतंय!"

बाळाची आजी मटकन खालीच बसली. हॉलभर टाळ्या पडल्या.

बाबांचा गळा गोड होता, हे कबूल केलंच पाहिजे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठल्या शब्दावर म्हातारीच्या डोळ्यांत पाणी काढायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. देव काही जणांना गळा देतो आणि ते त्याचं काय करतात ते गुपचूप बघत बसतो. त्या गळ्यातून देवाचं नाव निघे तेव्हा भल्याभल्यांचं मन विरघळे, आणि नेमक्या त्याच वेळी बाबा आपलं काम उरकून घेत.

गर्दीत बूटवाल्यांच्या घरच्या दोघी सुना उभ्या होत्या. थोरलीच्या हातांत मुलगी, धाकटीच्या हातांत मुलगा. दोन्ही बाळं जेमतेम महिन्याची, मुलगी थोडी मोठी. सासूबाई दोघींना कोपरानं पुढे ढकलत होत्या.

"व्हा ना गं पुढे! अशा काय खांबासारख्या उभ्या राहिल्यात?"

बाबांचे नियम कडक होते. बाळ दीड महिन्याच्या आतलंच हवं. पोट तुडुंब भरलेलं नको, पेंगुळलेलं नको. "भरल्या पोटी आणि झोपल्या डोळ्यांनी कुणाला सिद्धी मिळालीये का?" असं ते विचारत आणि लोक हसत. हे नियम असेच का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मुलगीही चालली आणि मुलगाही चालला. सासूबाईंनी जिना उतरता उतरता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या घरात दोन-दोन!"

घराचा धंदाच पावलांचा. खाली दुकान, मागे कारखाना, वर बिऱ्हाड. दोघे भाऊ कातडी कापत, शिवत. सासरे लाकडी कलबुतावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, जोडा चढवून बसलेले असत. त्यांची एक खासियत होती. दुरुस्तीला आलेला जोडा ते आधी उलटा करत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता सांगत, "उजवा गुडघा दुखतो वाटतं?" किंवा "आपलं काम उभ्यानं आहे, आणि घाईचं आहे." झिजलेला तळ म्हणजे माणसाचा कच्चा चिठ्ठा, असं त्यांचं म्हणणं. लग्न होऊन आल्यावर वर्षभरात धाकटीलाही ते जमू लागलं होतं. जिन्यावरच्या चपला बघूनही ती सांगू शकत असे की कोण पाय फरफटवतं, कोण टाचेवर आपटत चालतं. या घरात जोडा वाचता येत नाही असं कुणीच नव्हतं. हे ध्यानात असू द्या.

तिसरा महिना लागला आणि थोरलीची मुलगी चालेनाशी झाली. बाबांनी काचेवर धरलं की पाय नुसते लोंबत, नाहीतर गुडघ्यात मुडपून ती मस्त बसकण मारी आणि बोळकं पसरून हसे. इतर बायकांचीही बाळं अशीच थांबली होती. ज्या त्या घरात कुजबुज सुरू झाली होती आणि जो तो दुसऱ्यापासून लपवत होता. बाबांकडे उत्तर तयार होतं.

"पावलं गेली नाहीत माई, पावलं गिळली गेली. आईच्या मनात खोट असली की ती बाळाची पावलं गिळते. आई अनवाणी राहील, तिच्या पायांना दगड कळतील, तेव्हा कुठे ती पावलं परत ओकली जातील."

"कधीपर्यंत बाबा?" सासूबाईंनी विचारलं.

"मूल स्वतःहून चालेपर्यंत."

काय बिनचूक हिशेब बघा! मूल आज ना उद्या चालणारच होतं. वर्षाचं झालं, सव्वा वर्षाचं झालं की चालणारच. म्हणजे पावलं गेली की आईचा दोष आणि आली की बाबांचा प्रसाद. या दुकानात तोटा नावाची गोष्टच नव्हती.

बुटांच्या घरची थोरली सून अनवाणी फिरू लागली. तिच्या चपला सासूबाईंनी दुकानाच्या काचेच्या कपाटात, विकाऊ मालाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि कुलूप लावलं. गिऱ्हाइकं विचारत, "या केवढ्याला?" सासूबाई सांगत, "त्या विकायच्या नाहीत. आमच्या थोरलीनं लेकीची पावलं गिळलीयत ना, म्हणून ठेवल्यात." थोरली तिथंच गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेत असे. मान वर करत नसे. मागच्या गल्लीत नव्या रस्त्यासाठी खडी पसरली होती. पाण्याच्या खेपा घालताना तिच्या तळव्यांतून रक्त येई आणि संध्याकाळी फरशी पुसताना आपलेच डाग तिला आधी पुसावे लागत.

आणि धाकटी?

धाकटीचा मुलगा चालायचा थांबला नव्हता. उलट त्याचे पाय दिवसेंदिवस ताठ होत गेले. चौथ्या महिन्यात नुसतं काखांखाली धरलं की तो उभा राही. सरळ, सळईसारखा! बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उंच धरून दाखवलं.

"हजारांत एक! बाकीच्यांची पावलं गेली, याची राहिली. हा छोटा महाराज आहे!"

झालं. दर संध्याकाळी टेबलावर छोट्या महाराजांना उभं करायचं, लोकांनी पायांवर डोकं ठेवायचं, आणि बाबांच्या उजव्या हाताला, गादीवर, धाकटीनं बसायचं. सासऱ्यांनी नातवासाठी लाल मऊ कातड्याचे इवलेसे बूट शिवले. तळाला बदामी कातडं लावलं. धाकटीनंही उंच टाचेच्या नव्या चपला घेतल्या आणि जाऊबाई फरशी पुसत असली की ती मुद्दाम तिथूनच टकटक करत जाई.

"अगंबाई, ओलं आहे का? जपून हं ताई. तुमचे पाय आधीच सोललेत."

खोटं कशाला बोला, या बोलण्यात तिला गोडी वाटत होती. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं तेव्हा याच घरात तिनं कमी ऐकलं नव्हतं. आता बोलायची पाळी तिची होती.

रात्री मात्र बाळाला लंगोट बांधताना तिच्या हातांना एक गोष्ट कळे. पाय फाकतच नसत. कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढून बसत. मुठी घट्ट, आणि अंगठा कायम आत. पाचवा महिना संपत आला तरी मान एका बाजूला कलंडे. तिनं भीत भीत बाबांना विचारलं होतं.

"मान खाली असते?" बाबा गोड हसले. "नम्र आहे तो. एवढी सिद्धी असून मान खाली! आपल्याला जमेल का?"

"आणि मूठ उघडत नाही..."

"मंत्र धरलाय बेटा. मंत्र असा कुणी रस्त्यात सांडतं का?"

जन्मला तेव्हा तो उशिरा रडला होता, बराच उशिरा. सुईणीनं पाठ चोळून चोळून दमछाक करून घेतली होती. त्यावरही सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं होतं, "मौनातच आला माझा नातू." घरातल्या प्रत्येक भीतीला असं एकेक सोन्याचं झाकण बसवून ठेवलं होतं. धाकटीनं ती झाकणं कधी उचलली नाहीत. उचलली असती तर गादीवरून उठावं लागलं असतं.

एका दुपारी थोरली कुणाला न विचारता लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. खडीवरून, अनवाणी. परत आली ती थेट धाकटीच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ, माझं ऐक. बालडॉक्टरांनी हिला तपासलं. म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे. पावलं सगळ्याच बाळांची जातात म्हणे, जायलाच हवीत. मग मी तुझ्या मुलाविषयी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, उभा राहतो तेव्हा टाचा टेकतात का?"

 धाकटीचं तोंड तिच्या आधी बोलून गेलं.

"जळतेस! बाई, किती जळशील? स्वतःच्या पोरीची गिळलीस, आता माझ्या पोराची गिळायला आलीस?"

"टाचा टेकतात का, एवढंच सांग."

"चालती हो!"

थोरली चालती झाली. पुन्हा त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. धाकटीनं दाराला कडी घातली, बाळाकडे पाठ केली आणि बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. बाळाचे बूट कोपऱ्यात उताणे पडले होते. तिनं ते सरळ करून ठेवले. तळ बघितला नाही.

मुलाला आठवा महिना लागला त्या दिवशी बाबांनी मोठा सोहळा ठेवला. छोटे महाराज आज एकटे पाऊल टाकणार होते. हॉल फुटेल एवढी गर्दी. सासरे पहिल्यांदाच वर आले होते, सासूबाई पुढच्या रांगेत. बाबांनी सूर लावला न लावला तोच दारातून एक बाई आत आली. खांद्याला साधी पिशवी, पायांत धूळ भरलेल्या सपाट चपला. मागे थोरली, कडेवर मुलगी.

"मी बालडॉक्टर," ती बाई म्हणाली. "आज इथं आठवड्याभराचं बाळ कुणाकडे आहे?"

बाबा मोठ्यानं हसले. "डॉक्टर! सुया आणल्यात का बाई? आमच्याकडे सुया लागत नाहीत. फार तर अश्रू लागतात."

लोक हसले. पण मागून एक पोरसवदा आई हात वर करून उठली. तिला सोहळ्याआधीच बाबांनी टेबलापासून मागे पाठवलं होतं. नवरा सोडून गेलेली होती ती. "बापाचा पत्ता नाही त्याच्या पायांना वाट कुठून सापडणार?" असं बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते आणि तेव्हाही लोक असेच हसले होते.

डॉक्टरबाईंनी ते बाळ घेतलं, जरा उठवलं, काखांखाली धरलं, किंचित पुढे झुकवलं आणि तळवे काचेला टेकवले. बाळानं एक पाय उचलला, टेकवला. दुसरा उचलला. गाणं नाही, टाळ्या नाहीत, पूर्वजन्म नाही. ते आपलं चालत होतं. 

"आता दुसरं कुणी या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही या आजी. असं धरा, घाबरू नका."

आजीच्या हातातही बाळ चाललं. मागच्या पानवाल्याच्या हातातही चाललं.

"ही सिद्धी नाही. आपोआप होणारी हालचाल आहे ती. उजेड पडला की डोळा मिटतो तशी. तळव्याला टणक काही लागलं की नव्या बाळाचा पाय उचलला जातो. प्रत्येक बाळाचा. म्हणून यांना दीड महिन्याच्या आतलं बाळ लागतं. पोट भरलेलं, पेंगुळलेलं बाळ पाय टाकत नाही, म्हणून तसलं बाळ यांना नको असतं. साधारण दोन महिन्यांत ही हालचाल जाते, कारण मेंदू वाढतो आणि पायांचा ताबा स्वतःकडे घेऊ लागतो. ती जाणं म्हणजे वाढ. कुणा आईनं काही गिळलेलं नाही."

थोरलीनं लेकीला काचेवर ठेवलं आणि हात काढून घेतले. मुलगी बसली. पाठ ताठ, मान सरळ. टेबलावर ठेवलेली बाबांची घंटी तिनं एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात घेतली, तोंडात घालून बघितली आणि बाबांच्या अंगावर भिरकावली. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांच्या सांगण्यावरून अनवाणी फिरणाऱ्या कितीतरी बाया एकमेकींच्या सोललेल्या पायांकडे बघू लागल्या.

बाबांच्या कपाळावर घाम आला होता, पण गळा शाबूत होता. त्यांनी धाकटीच्या मांडीवरून मुलगा उचलला आणि उंच धरला.

"सगळ्यांची जातात म्हणता ना? मग याची का राहिली? सांगा डॉक्टर! सांगा ना सगळ्यांना!"

डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. "त्याला आईकडे द्या. तिच्याशी मी बाजूला बोलते."

"बघा! उत्तर नाही! इथंच सांगा!"

"हो हो, इथंच सांगा!" गर्दी ओरडली. सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता.

डॉक्टरबाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मग त्याला बसवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती बसलीये तसं. आता आठ महिन्यांचा होईल ना? हळू."

बाबांनी त्याला मुलीशेजारी टेकवलं. मुलगा बसला नाही. त्याला वाकताच येईना. फळी टेकवून ठेवावी आणि ती सरकावी तसा तो मागे गेला. धाकटीनं झेप घालून त्याचं डोकं हातावर झेललं. पाय एकमेकांवर चढले होते, बोटं खाली रोखलेली.

डॉक्टरबाईंनी त्याचा एक बूट सोडवला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"तुम्ही शिवलात ना हा? तळ बघून तुम्ही माणूस ओळखता असं ऐकलंय. हा कुणा परक्याचा आहे असं समजा. काय सांगाल?"

सासऱ्यांनी बूट उलटा केला. धाकटीनंही बघितलं, आणि एका नजरेत वाचलं. पुढचा चवडा खरवडून खरवडून कातडं पांढरं पडलं होतं, टोकाला तर शिवण उसवली होती. आणि टाच? टाच कोरी होती. सासऱ्यांनी शिवल्या दिवशी फिरवलेल्या मेणाची चकाकीसुद्धा जशीच्या तशी. महिनोन् महिने रोज उभा राहणाऱ्या मुलानं एकदाही टाच टेकवली नव्हती.

सासऱ्यांनी कोऱ्या टाचेवरून अंगठा फिरवला. "परक्याचा असता," ते म्हणाले, "तर म्हणालो असतो... पायात दोष आहे. डॉक्टरांना दाखवा."

"दोष पायात नाही, पायांना हुकूम देतो त्या मेंदूत असावा. नीट तपासल्याशिवाय नाव देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा ताठपणा म्हणजे बळ नव्हे. आखडलेपण आहे. त्याला रोज असं उभं करून तुम्ही त्याचे स्नायू आणखी आखडवलेत. व्यायाम आहेत, उपचार आहेत. पूर्ण बरा होईल असं मी सांगत नाही. चौथ्या महिन्यात आणला असता तर जास्त हाताशी लागलं असतं. आजही पुष्कळ करता येईल. उद्या मात्र आजच्याहून कमी."

कुणी टाळी वाजवली नाही. बाबांनी शाल आवरली. गळा अजूनही गोडच होता.

"मला पहिल्यापासून शंका होतीच. या मुलाच्या आईत अहंकार फार. गादीवर बसायची हौस! सिद्धी अशा घरात कुजते."

एवढं बोलून ते मागच्या दारानं गेले. टाळ्या वाजवणारे चार जण त्यांच्या मागे धावले, आणि ते त्यांना जाब विचारायला धावले नव्हते, शाल धरायला धावले होते.

उरलेली गर्दी धाकटीकडे वळली. डॉक्टरबाईंनी आत्ताच सांगितलं होतं की कुणा आईनं काही गिळलेलं नाही. ते ऐकून घोटभर पाणी पिण्याएवढाही वेळ गेला नसेल.

"तरीच!" सासूबाई ओरडल्या. "तरीच म्हणते, लग्नानंतर तीन वर्षं कूस का उजवत नव्हती! माझ्या नातवाला हिनंच खाल्लं!" आणि त्या तरातरा जिन्याकडे गेल्या. चपलांच्या खचातून त्यांनी धाकटीच्या उंच टाचांच्या चपला बरोबर हुडकल्या आणि हातात घेऊन परत आल्या. "आता तू हो अनवाणी! मग कळेल!"

कुणी त्यांना अडवलं नाही. दोन-तीन बायकांनी तर माना डोलावल्या. बाबा गेले होते, पण त्यांची गादी रिकामी नव्हती. तिच्यावर आता सगळेच बसले होते.

देवावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी तरी निदान एवढा विचार करावा. ज्यानं जगातल्या यच्चयावत बाळांच्या पायात ही चाल घातली, गोऱ्याच्या, काळ्याच्या, बाप असलेल्याच्या आणि नसलेल्याच्या, आणि वेळ झाली की ती काढून घेऊन तिच्या जागी खरं चालणं ठेवलं, त्याला काचेचं टेबल कशाला लागेल? त्याला आईच्या तळव्यांतलं रक्त कशाला लागेल? नाव त्याचं घ्या, पोटभर घ्या, गाऊन घ्या. पण डोळेही त्यानंच दिलेत. बाळाला उघडं करून बघा. मान धरतंय का, मूठ सुटतेय का, वेळेला बसतंय का. शंका आली तर विचारा, आणि ज्याला विचारलं तो गाऊन उत्तर देऊ लागला तर तिथून उठा.

धाकटी मुलाला छातीशी घट्ट धरून उभी होती. थोरली लेकीला कडेवर घेऊन समोर आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. आता जाऊबाई बोलणार. बोलायला तिच्याकडे पाच महिन्यांचं साठलेलं होतं.

थोरलीनं सासूबाईंच्या हातातल्या चपला धरल्या. सासूबाईंनी सोडल्या नाहीत, तेव्हा हिसकावल्या. वाकून त्या धाकटीच्या पायांपाशी ठेवल्या. तिचे स्वतःचे पाय शेजारीच होते, भेगाळलेले, काळेनिळे.

"घाल," ती म्हणाली. "दवाखान्यापर्यंत खडी आहे. मुलाला घेऊन अनवाणी चालशील तर पडशील."

धाकटीच्या दोन्ही हातांत मुलगा होता, तिला चपलांत पाय सरकवता येईनात. थोरलीनं आपली मुलगी डॉक्टरबाईंकडे दिली, खाली बसली आणि दुकानात गिऱ्हाइकाला घालतात तशा, एक पाय, मग दुसरा, चपला तिच्या पायांत चढवल्या.

"टाच नीट टेकव," ती म्हणाली. "आणि चल लवकर."